काळ्या बिअरवर पुरणपोळी

दशरथ आबदाराने उभ्या जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि अख्ख्या जयपूर छावणीत दारूतलं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. आबदार म्हणजे मेसमध्ये साहेबलोकांच्या पेल्यांकडे बघणारा माणूस. भरती होताना आईने शपथ घातली होती, ती त्याने चोवीस वर्षं पाळली. मग कळायचं कसं? तर उष्ट्या ताटांवरून. कुणाच्या पेल्यात किती उरलं आणि त्याच माणसाच्या ताटात काय उरलं, हे तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. ताट चाटूनपुसून आणि पेला रिकामा, म्हणजे जोडी जमली. एवढंच त्याचं शास्त्र, पण त्यावर मोठमोठे मेजर त्याला विचारून बाटली उघडायचे.

पेन्शन झाली तेव्हा तो गावी गेलाच नाही. त्याच्या जुन्या कर्नलसाहेबांनी, भीमसिंहजींनी, जयपुरातल्याच बनीपार्क भागातल्या आपल्या हवेलीचं हॉटेल केलं होतं. त्यांनी दशरथला तिथेच ठेवून घेतलं. राहायला शहरातल्याच सोडाला वस्तीत दोन खोल्या होत्या. त्यात तो, त्याची बायको रत्नमाला, धाकट्या भावाची विधवा बायको द्वारका आणि तिची अकरा वर्षांची विमल. भाऊ कोंडिबा गेला तेव्हा दशरथने भावजयीला आणि पुतणीला कराडकडच्या गावाहून सरळ जयपूरला आणलं. गावात त्याचं नाव किती निघालं म्हणता! माणूस असावा तर असा, भावाचा संसार उचलला हो, म्हणून लोक पत्रांतून लिहायचे. दशरथ ती पत्रं घरात मोठ्याने वाचून दाखवायचा. द्वारका पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

आता खरं काय ते सांगतो, कारण नाही सांगितलं तर पुढचं कळायचं नाही. कोंडिबा दारूने गेला. फौजी सुट्टीवर निघाला की कॅन्टीनच्या कोट्यातल्या रमच्या बाटल्या नेतो, ही आपल्याकडची रीतच. एक पोलीस पाटलाला, एक मास्तरांना, एक भावाला. स्वतः न पिणाऱ्या दशरथला तर त्याचं फारच कौतुक. दर सुट्टीला तो बाटली न्यायचा आणि कोंडिबा दाराशी उभा असायचा. रम संपली की मग गावची हातभट्टी होतीच. शेवटी डॉक्टर म्हणाला, लिव्हर संपलं, आता थेंबसुद्धा नको. द्वारकेने मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं, ‘भावजी, या बारीला बाटली आणू नका, तुमच्या पाया पडते.’

त्र्याऐंशी सालच्या होळीला दशरथ गावी गेला. पत्र खिशात होतं. बाटल्याही होत्या, पाटलाच्या आणि मास्तरांच्या. दुपारी कोंडिबाने त्याला गोठ्यामागे गाठलं. ‘दादा, सणाचं थोडी. हे बघ हात कसा थरथरतोय. मग कधीच न्हाई मागायचो.’ आणि या शहाण्याने दिली! लहानपणी ज्याला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला, त्याचा हात थरथरताना बघवेना, म्हणून पाटलाची बाटली त्याच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी कोंडिबा गेला. ती बाटली कुणी दिली हे द्वारकेला ठाऊक नाही, अशी दशरथची समजूत होती. चार वर्षं रोज तो ठरवायचा की आज सांगू, आणि रोज तिच्या हातची भाकरी खाऊन मुकाट कामावर जायचा. 

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत हॉटेलात होल्डनसाहेब म्हणून एक इंग्रज उतरला. त्याचा तिकडे एका खेड्यात छोटासा बिअरचा कारखाना होता, कारखाना कसला, चार माणसांचा घरगुती कारभार. त्याने चार तऱ्हेच्या बिअर स्वतः बनवून लाकडी पेट्यांतून बरोबर आणल्या होत्या. त्याच्या बरोबरच्या बारा पाहुण्यांना त्याला एक जेवण द्यायचं होतं. प्रत्येक बिअरसोबत एकेक पदार्थ, असा की दोघांनी एकमेकांना वर काढावं. जमलं तर दर हिवाळ्यात असे पाहुणे हॉटेलात येतील, म्हणून कर्नलसाहेबांनी परवान्याचे कागद स्वतः धावपळ करून आणले होते.

आणि जमेना ना! हॉटेलच्या खानसाम्याने पहिल्या दिवशी लाल मांस, म्हणजे तिकडचं लाल मिरच्यांतलं झणझणीत मटण, केलं. होल्डनने त्यावर आपली कडू बिअर घेतली आणि बिचाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाने कडू आणखी कडू होतं आणि कडवटाने तिखट आणखी पेटतं, हे दशरथने मेसमध्ये शंभरदा बघितलं होतं. खानसामा तो नाकावर माशी बसू न देणारा. “बीयर के साथ नमकीन खाते हैं, खाना नहीं,” असं म्हणून एप्रन टाकून चालता झाला. जेवण चार दिवसांवर आलेलं. कर्नलसाहेबांनी कपाळाला हात लावला. “दशरथ, कुछ करो यार.”

दशरथच्या डोळ्यांपुढे एकच बाई आली. द्वारकेच्या हाताला जी चव होती ती अख्ख्या सोडाल्यात नव्हती. शेजारची मारवाडीण वाटी घेऊन दाराशी यायची. पण विचारायचं कसं? जिचं कपाळ दारूने पुसलं तिला म्हणायचं, चल, दारूवर काय छान लागतं ते सांग? दोन दिवस त्याने नुसते टाळण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी, ती विमलची वेणी घालत असताना, त्याने भिंतीकडे बघत हॉटेलातल्या जेवणाचं सगळं सांगून टाकलं.

विमल मध्येच म्हणाली, “मतलब, आई हॉटेलात जाणार? कुक बनून?”

“गप,” द्वारका म्हणाली. वेणीचा शेवटचा पेड घालून झाल्यावर तिने रिबीन बांधली. “किती माणसं हायती, भावजी?”

“चौदा, कर्नलसाहेब धरून.”

“येते.”

एवढंच. दशरथला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी तो बसची वाट न बघता चालतच बनीपार्कला गेला. पठ्ठ्याच्या मनात आलं, हिला चारचौघांत मान मिळेल, दोन पैसे मिळतील, आणि मग एखाद्या बऱ्या दिवशी आपण सांगून टाकू. माणूस स्वतःला कसं गोंजारतो बघा.

दुपारी हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याने चार पेले ओळीने मांडले. फिकट, तांबूस, गढूळ पिवळा आणि काळा. द्वारकेने पदर खोचला. “मी तोंडाला लावणार न्हाई,” ती म्हणाली. “मी पण नाही लावत,” दशरथ म्हणाला. आणि मग दोघं न पिणारी माणसं चार पेल्यांवर वाकली. बघणाऱ्याला हसूच आलं असतं.

तिने फिकट पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. “ही कोवळी हाय. हिच्यावर माणूस बोलत बसतंय, खात न्हाई. हातात धरून खाईल असं द्यायचं. कोथिंबिरीची वडी, कुरकुरीत.” मग तांबूस. “ही कडू. हिच्यावर तिखट दिलंसा की भांडणच. खारट, तळलेलं द्या. कलेजी, नुसतं मीठ-मिरं लावून, तव्यावर.” गढूळ पेल्याशी ती जरा थांबली. “लवंगंचा वास येतोय की. हिला मटण चालंल, भाजल्या खोबऱ्यातलं सुकं. मिरची बेताची.”

दशरथ आ वासून बघत राहिला. चोवीस वर्षं त्याने ताटं मोजून जे गोळा केलं ते ही बाई एका श्वासात सांगत होती. “अगं, तुला हे कसं कळतं?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“कसं म्हंजे?” ती साधेपणाने म्हणाली. “बारा वर्षं रोज सांजंला त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. कसली घेतलीया, किती घेतलीया. त्यावर काय वाढायचं ते ठरायचं. चुकलं की ताट अंगणात. बरोबर वाढलं तर चार घास पोटात जायचे. पोटात काय गेलं तर माणूस जगंल, एवढाच माझा हिशोब व्हता.”

 भाऊ पितो हे त्याला ठाऊक होतं; पण वर्षातून एक महिना गावी येणाऱ्याला अंगणातलं ताट दिसत नाही. त्याची बाटली घरी आली की पुढे काय काय व्हायचं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला बसावंसं वाटलं, पण तो आबदार, तो उभाच राहिला.

द्वारकेने चौथा पेला उचलला. काळीभोर बिअर, वर बदामी फेस. तिने वास घेतला आणि तिचा हात तिथेच थांबला. 

“जळका गूळ,” ती म्हणाली.

दशरथने पेल्यावर वाकून वास घेतला. कोट्यातल्या रमचा वास त्याच्याइतका कुणाला ठाऊक! तोच हा वास, भाजलेल्या गुळाचा.

“हिच्यावर पुरणपोळी,” ती पेला खाली ठेवत म्हणाली. “जायफळ जास्त, तूप सढळ. एकदा गेली व्हती, चांगली गेली व्हती.” आणि पाठ फिरवून तिने डाळ कुठे असते ते विचारलं. दशरथने डबा काढून दिला. आत्ता सांगावं, हीच वेळ आहे, असं त्याला वाटत होतं. त्याने डब्याचं झाकण काढून दिलं आणि तो पेले धुवायला निघून गेला. काय म्हणावं या माणसाला!

जेवणाच्या संध्याकाळी हवेलीच्या चौकात लांब टेबल मांडलं होतं. सात वाजता दशरथ पांढरा कोट, लाल कमरपट्टा घालून उभा राहिला. कोथिंबीर वडी गेली आणि ताटल्या रिकाम्या आल्या. कलेजी गेली, एका मॅडमने ताटलीला पाव लावून पुसला. मटणाच्या वेळी होल्डनसाहेब बोलायचा थांबला, आणि इंग्रज जेवताना बोलायचा थांबला की समजावं. दशरथ दर वेळी रिकाम्या ताटल्या घेऊन आत यायचा आणि द्वारकेला दाखवायचा. ती मान हलवायची. चौथ्या वेळी त्याने काळी बिअर ओतली आणि गरम पुरणपोळीचे चतकोर तुकडे मांडले. लोकांनी एक घास खाल्ला, एक घोट घेतला, पुन्हा एक घास खाल्ला. मग होल्डनने टेबलावर मूठ आपटली आणि हसत हसत काहीतरी ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्नलसाहेबांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, “बाईजी को बुलाओ.”

द्वारका बाहेर आली. डोक्यावरून पदर, हाताला पीठ. तेरा गोरी माणसं तिच्यासाठी उठून उभी राहिली. ती गोंधळली, पण मागे सरली नाही.

“साहब पूछ रहे हैं,” कर्नलसाहेब हिंदीत म्हणाले, “आपने शराब कभी छुई नहीं, तो कैसे जाना? काली वाली के साथ ये मीठी रोटी, ये किसने सिखाया?”

चार वर्षांत द्वारकेला बाजारापुरती हिंदी येऊ लागली होती. पण ती दशरथकडे वळली. “भावजी, मी सांगते ते साहेबास्नी सांगा,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शब्द एकेक सुटा होता. “सांगा, माझा माणूस पीत व्हता. त्याला जगवायसाठनं मी वास घ्यायला शिकले. आणि ही काळी. होळीचा दिवस व्हता. डॉक्टरनं थेंब न्हाई म्हणून सांगितलं व्हतं. तरी त्याला कुणीतरी बाटली दिली. जळक्या गुळाच्या वासाची. त्या सांजंला तो हसत घरात आला आणि माझ्या हातच्या दोन पोळ्या खाल्ल्या. किती महिन्यांनी असा पोटभर जेवला. तेच त्याचं शेवटचं जेवण. बाटली कुणी दिली, ते तुम्ही सांगा.”

टेबलावरच्या माणसांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ती माणसं हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होती.  हिला ठाऊक आहे. हिला सगळं ठाऊक आहे! आणि तिने त्याला वाट करून दिली होती, अगदी बोट धरून दारापर्यंत आणलं होतं. एक वाक्य म्हणायचं होतं. कर्नलसाहेब भुवया उंचावून बघत होते. चोवीस वर्षांच्या नोकरीचा इमानी आबदार, भावाचा संसार उचलणारा देवमाणूस, त्याने इतक्या लोकांपुढे काय सांगायचं?

“साहब,” दशरथ टाचा जुळवून म्हणाला, “ये हमारे घर की पुरानी रीत है. हमारी माँ के ज़माने से. मेरा भाई खाने-पीने का बड़ा शौकीन आदमी था, उसी के लिए ये बनाती थी.”

कर्नलसाहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. पुन्हा टाळ्या पडल्या. होल्डनने पेला उंच धरून त्या शौकीन भावाच्या नावाने घोट घेतला, मग बाकीच्यांनीही घेतला. द्वारकेने हात जोडले आणि ती आत गेली. तिला हिंदी कळत होती, हे दशरथला तिची पाठ बघताना आठवलं. टेबलावरच्या रिकाम्या ताटल्या तशाच टाकून तो तिच्या मागे गेला. असं त्याने नोकरीत कधीच केलं नव्हतं.

ती तवा घासत होती.

“द्वारका, त्या होळीला बाटली मी दिली होती.” चार वर्षं अडलेलं वाक्य, निघालं तेव्हा किती आखूड निघालं.

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“त्याच सांजंपासनं. हातभट्टीला आंबूस वास असतोय. जळक्या गुळाची बाटली गावात तुमच्याबिगर कोण आणत व्हतं? मला काय नाक न्हाई?”

दशरथ तिथेच पिठाच्या गोणीवर बसला. “मग माझ्या घरी आलीस कशी? चार वर्षं मला वाढलंस कसं?”

द्वारकेने तवा बाजूला ठेवला आणि ओले हात तसेच धरून त्याच्याकडे वळली. “पहिल्या साली लई राग व्हता. वाटायचं, भाकरीत माती घालावी. मग राग गेला. तुमचा बी भाऊच व्हता की. म्हटलं, सांगतील. आज ना उद्या म्हणतील, द्वारका, चुकलं माझं. मग दोघं मिळून रडू त्यांच्यासाठनं. त्यांच्यासाठनं रडायला ह्या जगात दोनच माणसं व्हती, भावजी, तुम्ही आणि मी. आणि तुम्ही पत्रं वाचून दाखवीत बसलासा. मला एकटीला रडाय लावलंसा.”

“मी आत्ता सांगितलं ना गं,” दशरथ म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“आत्ता सांगितलंसा, मला ठावं हाय हे तुम्हास्नी कळल्यावर. तिथं काय सांगितलंसा? शौकीन व्हता म्हणं. घरची रीत म्हणं.” तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. “रक्त ओकून मेला माझा माणूस. आणि तुम्ही त्याच्यावर टाळ्या घेतल्यासा.”

 तेवढ्यात कर्नलसाहेब खुशीत आत आले. दशरथने घाईघाईने बाहीने तोंड पुसलं. साहेबांना वाटलं, आनंदाचे अश्रू. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि द्वारकेला म्हणाले, की आजपासून हे स्वयंपाकघर तुमचं, पगार तुम्ही सांगाल तो.

“रहने को कमरा मिलेगा?” द्वारकेने विचारलं. अगदी स्वच्छ हिंदीत. “दो जने हैं. मैं और मेरी बेटी.”

“मिलेगा, क्यों नहीं मिलेगा. पर दशरथ का घर...”

“बहुत साल हो गए उनके यहाँ,” ती म्हणाली आणि पुन्हा तवा घासायला लागली.

रविवारी दशरथने स्वतः सायकलरिक्षा आणली. रत्नमाला दाराशी उभी राहून रडत होती, काय झालं ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. सामान काही फार नव्हतं, एक पत्र्याची पेटी, दोन बोचकी, विमलचं दप्तर. मायलेकी रिक्षात बसल्या आणि दशरथ बाजूने चालत निघाला. सोडाल्याच्या चौकात गर्दीत रिक्षा थांबली. तो तिच्या बाजूला आला, रिक्षाच्या दांडीला हात धरला आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, “द्वारका, चुकलं माझं. कोंडिबाला मी मारलं.”

रिक्षावाल्याने वळून बघितलं. पानवाल्याने बघितलं. विमल आईच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांच्यातल्या कुणालाही मराठी येत नव्हती, एका पोरीशिवाय.

द्वारकेने विमलला जवळ ओढलं आणि तिच्या कानांवर हात ठेवले. “पोरीच्या देखत नगं,” ती म्हणाली. “मागचं बोचकं पडाय लागलंय, तेवढं धरा.”

दशरथने बोचकं धरलं आणि बनीपार्क येईपर्यंत तसाच धरून चालत राहिला.